शितावरून भाताची परीक्षा



'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपल्या घरांत इतकी रुळलेली आहे कीं, तिच्यांत एक संपूर्ण शास्त्र दडलेलें आहे हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पातेल्यांत हजारों शितें असतात. गृहिणी त्यांतलीं दोनचार उचलते, बोटांनीं चेपून पाहते, आणि साऱ्या भाताविषयीं निर्णय देते. ती प्रत्येक शीत चेपीत बसली, तर परीक्षा पुरी होईल, पण पानावर वाढायला भात उरणार नाहीं. औषधाची कसोटी, पिकाचा अंदाज, निवडणुकीचें भविष्य ह्या सर्व ठिकाणीं माणसाची अडचण हीच आहे. सगळें मोजतां येत नाहीं, आणि निर्णय तर द्यावयाचा असतो.

म्हणींत दोन गोष्टी मात्र सांगितलेल्या नाहींत. शितें किती घ्यावीं हें ती सांगत नाहीं. आणि तेवढ्या शितांवरून दिलेल्या निर्णयाची खात्री किती मानावी, हेंही सांगत नाहीं. ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें संख्याशास्त्रानें गेल्या तीनशें वर्षांत शोधून काढलीं. तीं समजावयास मॅट्रिकपर्यंतचें गणित पुरे. वर्गमूळ काढतां आलें म्हणजे झालें. तीं उत्तरें आज आपल्यापुढें मांडावीं, आणि मग तीं कोठें चालतात व कोठें लंगडीं पडतात हें दाखवावें, असा माझा विचार आहे. हा दुसरा भाग पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, हें आधींच सांगून ठेवतों.

आरंभ नाण्यापासून करूं. चांगलें, न झिजलेलें नाणें शंभर वेळां उडविलें, तर छापा पन्नास वेळां पडावा अशी आपली अपेक्षा असते; पण तो नेमका पन्नास वेळां क्वचितच पडतो. सत्तेचाळीस वेळां पडेल, त्रेपन्न वेळां पडेल, एखादे वेळीं अठ्ठावन्न वेळांही पडेल. मौज अशी कीं, ह्या चुकण्यालाही नियम आहे. फ्रान्स सोडून लंडनमध्यें स्थायिक झालेल्या आब्राहाम द म्वाव्र ह्या गणितज्ञानें १७३३ सालीं तो गणितानें दाखवून दिला. नाणें जितक्या वेळां उडवावयाचें त्या संख्येचें वर्गमूळ काढावें व त्याचें निम्में करावें. तें चुकण्याचें माप होय. शंभराचें वर्गमूळ दहा, त्याचें निम्में पांच. शंभर शंभर उड्यांचे असे पुष्कळ डाव मांडले, तर शंभर डावांपैकीं सुमारें पंचाण्णव डावांत छाप्यांची संख्या अपेक्षेपासून दोन मापांच्या आंत, म्हणजे ४० ते ६० च्या दरम्यान, राहते. तीन मापांच्या बाहेर ती हजार डावांत दोनतीनदांच जाते. काटेकोर हिशेबांत दोनाच्या ठिकाणीं १.९६ घेतात, आपल्या कामाला दोन पुरेत.

आतां नाणें चारशें वेळां उडवा. वर्गमूळ वीस, निम्में दहा. म्हणून छापे १८० ते २२० पडतील. शेंकड्यांत सांगावयाचें तर ४५ ते ५५ टक्के. दहा हजार वेळां उडवा; वर्गमूळ शंभर, निम्में पन्नास; छापे ४,९०० ते ५,१००, म्हणजे ४९ ते ५१ टक्के. श्रम शंभरपट वाढले, तेव्हां चूक दहापट कमी झाली. चूक निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो, हा ह्या शास्त्रांतील पहिला व्यवहारी धडा. 'गुरुजी, वर्गमूळ कोठें उपयोगी पडतें?' असें वर्गांतील मुलें विचारीत. त्या प्रश्नाचें ह्याहून सरळ उत्तर मला माहीत नाहीं.

नाण्याचा हा नियम भाताला कसा लागू पडतो? समजा, एखाद्या शहरांत किती घरांत नळाचें पाणी येतें तें पाहावयाचें आहे. सर्व घरांच्या चिठ्ठ्या करून, त्या चांगल्या मिसळून, डोळे मिटून चारशें चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे नाण्याची एक उडीच झाली. उत्तर 'होय' किंवा 'नाहीं'. फरक इतकाच कीं, ह्या नाण्याच्या दोन्ही बाजू समान वजनाच्या असतीलच असें नाहीं. म्हणून माप काढण्याची रीति किंचित बदलते. 'होय'चा अंश आणि 'नाहीं'चा अंश ह्यांचा गुणाकार करावा, त्याला नमुन्याच्या संख्येनें भागावें, आणि भागाकाराचें वर्गमूळ घ्यावें. इंग्रजींत ज्याला 'स्टँडर्ड एरर' म्हणतात तें हेंच. आपण त्याला 'प्रमाण-त्रुटि' म्हणूं. चारशें घरांपैकीं ३२० घरांत नळ निघाला, तर अंश ०.८ आणि ०.२, गुणाकार ०.१६, चारशेंनीं भागून वर्गमूळ घेतां ०.०२, म्हणजे दोन टक्के. ऐंशी टक्क्यांच्या दोन्ही बाजूंस दोन दोन प्रमाण-त्रुटि सोडल्या, म्हणजे ७६ व ८४ हीं टोकें मिळतात. ह्यांना 'विश्वास-मर्यादा' म्हणतात.

येथें पुष्कळांना एक शंका येते. शहरांत दहा हजार घरें असोत कीं दहा लाख, चारशें चिठ्ठ्या दोन्हींकडे सारख्याच कशा पुरतील? पण ही शंका गृहिणीला येत नाहीं. घरचें पातेलें असो वा लग्नाच्या पंगतीचा हंडा असो, ती पळीभरच भात पाहते. भात नीट ढवळलेला असेल, तर हंडा केवढा आहे ह्याशीं पळीला कर्तव्य नसतें. आणि ढवळलेला नसेल, तर तळचीं शितें शिजलेलीं व वरचीं कच्चीं असतां परातभर भात पाहूनही निर्णय चुकेल. 'ढवळलेला असेल तर' हे शब्द आपण ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

७६ ते ८४ ह्या मर्यादांना 'पंचाण्णव टक्के विश्वासाच्या' म्हणतात. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जत्रेंत कड्या फेकण्याचा खेळ असतो. खुंटी जमिनींत रोवलेली, आणि आपण दुरून कडी फेकावयाची. खुंटी हलत नाहीं. कधीं खुंटीभोवतीं पडते, कधीं बाजूला पडते, ती कडी. शहरांतील खरें प्रमाण ही खुंटी आहे. आपण काढलेल्या मर्यादा ही कडी आहे. दुसऱ्या चारशें चिठ्ठ्या काढल्या असत्या, तर कडी थोडी निराळ्या जागीं पडली असती. ह्या रीतीनें फेकलेल्या शंभर कड्यांपैकीं सुमारें पंचाण्णव खुंटीभोवतीं पडतात, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. येथें विश्वास रीतीवर आहे. हाताशीं असलेली एकच कडी पंचाण्णवांतली आहे कीं पांचांतली, हें आपणांस दिसत नाहीं, कारण खुंटी दिसत नाहीं. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन ह्यानें १९३७ सालच्या आपल्या निबंधांत हा अर्थ स्पष्ट मांडला.

एक खरें उदाहरण घेऊं. पॅरिस शहरांत १७४५ ते १७७० ह्या काळांत २,५१,५२७ मुलगे व २,४१,९४५ मुली जन्मल्याची नोंद आहे. पिएर सिमों लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञानें ह्याच आंकड्यांवर विचार केला होता. एकूण जन्म ४,९३,४७२. त्यांत मुलगे ५०.९७ टक्के. प्रमाण-त्रुटि काढली तर ती ०.०७ टक्के येते. म्हणून विश्वास-मर्यादा ५०.८३ व ५१.११ ह्या झाल्या. मुलगा व मुलगी होण्याचा संभव अगदीं समान असता, तर ५० टक्के हा आंकडा ह्या मर्यादांच्या आंत किंवा निदान जवळपास यावयास हवा होता. प्रत्यक्षांत तो साडेतेरा प्रमाण-त्रुटि इतका दूर आहे. मुलगे किंचित अधिक जन्मतात, हा निसर्गाचाच नियम दिसतो. पॅरिसच्या नोंदवहींतील तो योगायोग नव्हे.

आतां आपण जो युक्तिवाद केला त्यालाच 'गृहीतकाची कसोटी' म्हणतात. त्याची रीत न्यायालयासारखी आहे. आरोपी निर्दोष आहे असें धरून न्यायाधीश चालतो, आणि पुरावा त्या समजुतीशीं जुळतो कीं नाहीं हें पाहतो. तसेंच येथेंही 'कांहीं फरक नाहीं, जें दिसतें तो योगायोग' असें प्रथम धरावयाचें. ह्याला 'शून्य-गृहीतक' म्हणतात. मग तें खरें असतें तर आपणांस जें दिसलें तें, किंवा त्याहून विलक्षण असें कांहीं, दिसण्याचा संभव किती होता, हें मोजावयाचें. संभव फारच थोडा असेल तर शून्य-गृहीतक सोडून द्यावयाचें.

ह्या कसोटीवर लाखों मुलांचे हातपाय अवलंबून होते, असा एक प्रसंग विसाव्या शतकांत घडला. पोलिओ, म्हणजे बालपक्षाघात, हा रोग त्या काळीं अमेरिकेंत दर उन्हाळ्यांत येई. जोनास साल्क ह्यांनीं त्यावर लस तयार केली; ती सुईनें टोंचावयाची होती. आपल्याकडे मुलांच्या तोंडांत जे दोन थेंब घालतात, तें मागाहून निघालेलें निराळें औषध. १९५४ सालीं साल्कच्या लशीची चांचणी झाली. तिच्या एका भागांत चार लाखांवर शाळकरी मुलें होतीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निम्म्यांना लस मिळाली, व निम्म्यांना दिसावयास तसेंच परंतु लशीचा अंश नसलेलें पाणी टोंचण्यांत आलें. कोणाला काय मिळालें हें मुलाला, आईबापांना किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतें. कुपीवरील सांकेतिक आंकड्यावरून तें मागाहून उलगडावयाचें होतें. भात ढवळणें म्हणतात तें हें.

निकाल असा. लस मिळालेलीं मुलें २,००,७४५. त्यांत पोलिओ झालेलीं ५७. लस न मिळालेलीं मुलें २,०१,२२९. त्यांत पोलिओ झालेलीं १४२. शून्य-गृहीतक म्हणतें कीं, लस निरुपयोगी आहे. तसें असेल, तर आजारी पडलेल्या एकूण १९९ मुलांपैकीं प्रत्येक मूल ह्या गटांत असावें कीं त्या गटांत, हें केवळ नाण्याच्या उडीवर ठरल्यासारखें झालें. १९९ उड्यांत छापे सुमारें साडेनव्याण्णव पडावे. वर्गमूळ चौदा, निम्में सात. दोन मापांच्या आंत म्हणजे ८५ ते ११४. प्रत्यक्षांत लशीच्या बाजूस पडले ५७, म्हणजे अपेक्षेच्या सहा मापें खालीं. असे दहा कोटी डाव मांडले तरी निव्वळ योगायोगानें इतकी तफावत एकदांही पडण्याची आशा धरूं नये. १२ एप्रिल १९५५ रोजीं मिशिगन विद्यापीठांत, चांचणीचे प्रमुख टॉमस फ्रान्सिस ह्यांनीं लस गुणकारी आहे असें जाहीर केलें.

कसोटीनें 'फरक आहे' एवढें सांगितलें; 'किती' हें विश्वास-मर्यादांनीं सांगितलें पाहिजे. दर लाख मुलांमागें लशीच्या गटांत २८, व दुसऱ्या गटांत ७१ मुलें आजारी पडलीं. फरक ४२ चा. दोन्हीं गटांच्या त्रुटि मिळून ह्या फरकाची प्रमाण-त्रुटि सात येते. म्हणून दर लाखामागें निदान २८, व फार तर ५६ मुलें लशीनें वांचविलीं, असें पंचाण्णव टक्के विश्वासानें म्हणतां येतें.

येथें कोणीही विचारील कीं, दोन लाख मुलांना लशीशिवाय ठेवणें हें निर्दयपणाचें नव्हे काय? दहा दहा हजारांचे गट घेऊन भागलें नसतें काय? हिशेब करून पाहूं. दहा हजारांच्या गटांत, ह्याच प्रमाणानें, एकीकडे सात व दुसरीकडे तीन मुलें आजारी पडलीं असतीं. दहा उड्यांत सात-तीन किंवा त्याहून विषम वांटणी पडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. तीन डावांत एकदां ती पडते. मग लस गुणकारी असूनही 'पुरावा अपुरा' असाच निर्णय द्यावा लागला असता, आणि खरी लस कदाचित् कपाटांत राहिली असती. रोग विरळ, म्हणून नमुना मोठा. तीं दोन लाख मुलें लशीवांचून राहिलीं म्हणूनच पुढें कोट्यवधि आईबापांनीं आपलें मूल सुईपुढें निःशंकपणें धरलें.

कसोटीचा निर्णयही दोन प्रकारांनीं चुकूं शकतो. निर्दोष माणसाला शिक्षा व्हावी, तसा योगायोगालाच फरक समजण्याची एक चूक. आणि दोषी सुटावा, तसा खरा फरक नजरेंतून निसटण्याची दुसरी. नेमन व एगॉन पिअर्सन ह्यांनीं हा भेद मांडला. पहिली चूक विसांत एकदांपर्यंत चालवून घ्यावी, अशी वहिवाट आहे. रोनाल्ड फिशर ह्यानें आपल्या १९२५ सालच्या ग्रंथांत ती एक सोयीची मर्यादा म्हणून सुचविली होती. सोयीची, हें विसरूं नये. जो संशोधक निरुपयोगी अशा वीस औषधांची कसोटी घेतो, त्याला ह्या वहिवाटीप्रमाणें एखादें औषध गुणकारी 'ठरलेलें' सांपडण्याचा संभव पुष्कळ आहे. तो तेवढ्याच एकाची जाहिरात करील आणि एकोणीसांविषयीं मौन पाळील, तर त्याचें गणित बरोबर असूनही त्याचें बोलणें खोटें आहे. उलट, न्यायालयानें 'पुरावा नाहीं' म्हणून सोडलेला मनुष्य निर्दोष सिद्ध झाला असें होत नाहीं; त्याप्रमाणें लहान नमुन्यांत फरक दिसला नाहीं, म्हणजे फरक नाहींच, असेंही होत नाहीं.

आणखी एक घोटाळा शब्दामुळें होतो. योगायोगाच्या पलीकडे असलेल्या फरकाला इंग्रजींत 'सिग्निफिकंट' म्हणतात, आणि वाचणारा त्याचा अर्थ 'महत्त्वाचा' असा घेतो. पॅरिसच्या नोंदींत योगायोगाला तिळमात्र जागा नव्हती. परंतु फरक होता शंभरांत एकाचा. नमुना प्रचंड असला कीं क्षुल्लक फरकही कसोटीला उतरतो. फरक खरा आहे काय, हा एक प्रश्न. तो आपल्या उपयोगाचा आहे काय, हा दुसरा. दुसऱ्याचें उत्तर शास्त्र देत नाहीं, तें आपणच द्यावयाचें असतें.

आतांपर्यंत 'होय' व 'नाहीं' ह्यांचा विचार झाला. वजन, उंची, पीक ह्यांसारख्या गोष्टींत प्रश्न सरासरीचा असतो. तेथें प्रथम एकेक मोजणी सरासरीपासून किती पसरली आहे तें पाहतात. प्रत्येक अंतराचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढावी, तिचें वर्गमूळ घ्यावें, हें 'प्रमाण-विचलन'. त्याला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमूळानें भागलें कीं सरासरीची प्रमाण-त्रुटि मिळते. एकेक मोजणी वेडीवांकडी पसरलेली असली, तरी मोठ्या नमुन्याची सरासरी नाण्याचाच नियम पाळते, ही गोष्ट लाप्लासनेंच १८१० सालीं दाखविली. नमुना दहापंधरा मोजण्यांचाच असेल, तर हा नियम जसाच्या तसा चालत नाहीं. अशा वेळेसाठीं डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट ह्यानें १९०८ सालीं 'स्टुडंट' ह्या टोपणनांवानें निराळें कोष्टक दिलें.

सरासरीच्या उदाहरणांतूनच आपण शास्त्राच्या लंगड्या बाजूकडे येतों. आल्बर्ट मायकेलसन ह्या अमेरिकन नौदलांतील तरुण अधिकाऱ्यानें १८७९ सालीं अॅनापोलिस येथें, फिरत्या आरशाच्या साहाय्यानें, प्रकाशाचा हवेंतील वेग शंभर वेळां मोजला. सरासरी आली सेकंदाला २,९९,८५२ किलोमीटर, प्रमाण-विचलन ७९. शंभराच्या वर्गमूळानें भागतां प्रमाण-त्रुटि सुमारें आठ. विश्वास-मर्यादा २,९९,८३६ व २,९९,८६८. आतां खरी खुंटी आपणांस ठाऊक आहे. निर्वात पोकळींतील प्रकाशाचा वेग २,९९,७९२.४५८ किलोमीटर आहे. १९८३ सालीं तो व्याख्येनेंच कायम करण्यांत आला. हवेंत तो त्याहून थोडा कमीच भरतो. म्हणजे कडी खुंटीपासून निदान चाळीस किलोमीटर दूर पडली. गणित चुकलें काय? नाहीं. शंभरही मोजण्या थोड्या थोड्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. तराजूंतच पासंग असेल, तर शंभर वेळां तोलल्यानें पासंग जात नाहीं. तोच चुकीचा आंकडा अधिक ठामपणें समोर येतो. मायकेलसन हें जाणत होता, म्हणून त्यानें स्वतः यंत्रांतील संभाव्य दोष धरून आपली मर्यादा पुष्कळ रुंद ठेविली होती.

यंत्रांत जसा पासंग असतो, तसा माणसें निवडण्यांतही असतो. १९३६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं रूझवेल्ट व लँडन हे उभे होते. 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांना मतपत्रिका पाठविल्या. सुमारें चोवीस लाख परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकानें लँडन ह्यांस ५७ टक्के व रूझवेल्ट ह्यांस ४३ टक्के मतें पडतील असें भाकित केलें. आपल्या रीतीनें चोवीस लाखांच्या नमुन्याची चूक एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी यावयास हवी. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ह्यांना सुमारें ६१ टक्के मतें पडलीं, आणि ४८ पैकीं ४६ राज्यें त्यांच्या बाजूनें गेलीं. नांवें घेतलीं होतीं तीं टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत टेलिफोन व मोटार सुस्थितांच्याच घरीं असे. शिवाय ज्यांनीं पत्रिका परत पाठविली नाहीं, त्यांचें मत तसेंच राहिलें. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप ह्यांनीं कितीतरी लहान, पण अधिक विचारानें निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट विजयी होतील असें सांगितलें होतें. न ढवळलेल्या भाताची परातही कशी फसविते, ह्याचा हा पुरावा. दोन वर्षांत तें साप्ताहिक बंद पडलें.

आपल्या देशांत हा प्रश्न शेताच्या बांधावर उभा राहिला. पिकाचा अंदाज पूर्वीं नजरेनें, आणेवारीनें, करीत. विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत त्या जागीं अशी रीति आणली गेली कीं, चिठ्ठीनें शेत निवडावें, शेतांत चिठ्ठीनेंच जागा निवडावी, तेवढा तुकडा आंखून कापावा व धान्य तोलावें. ह्या कामांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा मोठा वांटा आहे. त्यांनीं दाखवून दिलें कीं, कापावयाचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कारण साधें आहे. तुकड्याच्या सीमेवरील ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला कीं मोजणाऱ्याचा हात तें आंत धरण्याकडे वळतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानें सीमा फार, म्हणून चूकही फार. असे लहान तुकडे हजारों कापले तरी ही चूक जात नाहीं. उलट विश्वास-मर्यादा अरुंद होत जातात, आणि चुकीचा आंकडा निश्चित वाटूं लागतो. अशा आंकड्यावर विसंबून धान्याची व्यवस्था केली, तर कागदावर असलेलें धान्य कोठारांत सांपडत नाहीं.

ह्या सर्वांतून एकच गोष्ट मनावर ठसवावी असें मला वाटतें. वर्गमूळाचा नियम योगायोगानें होणारी चूक मोजतो, आणि ती फार चोख मोजतो. निवडींतील व मोजण्यांतील पक्षपात मात्र तो मोजीत नाहीं. तो नाहीं असें तो धरून चालतो. नमुना मोठा केल्यानें पहिली चूक आटते, दुसरी जागच्या जागीं राहते.

म्हणून वर्तमानपत्रांत 'इतके टक्के लोक असें म्हणतात' असें वाचलें, कीं प्रथम विचारावें: हे लोक निवडले कोणीं व कसे? ज्यांनीं उत्तर दिलें नाहीं ते किती? प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला? ह्यांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर मगच एक साधें गणित करावें. एकाला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळानें भागावें. येईल तो अंश दोन्ही बाजूंस सोडावा. १,६०० माणसें विचारलीं असतील, तर वर्गमूळ चाळीस, आणि एकचाळिसांश म्हणजे अडीच टक्के. अशा नमुन्यांत एका पक्षाला ५१ व दुसऱ्याला ४९ टक्के मतें दाखविलीं असतील, तर कोण पुढें आहे हें अजून ठरलेलें नाहीं, मथळा कितीही मोठ्या अक्षरांत असो. आणि पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरच मिळत नसेल, तर हें गणित करण्याचेही श्रम घेऊं नयेत.